टूरिंग कारचा पहिला रविवार झाला, आता ती चिठ्ठी बंद करा

चाकण_शिफ्ट (धागाकर्ता)

आधी एक विनंती. डॉनिंग्टनच्या टूरिंग कार शर्यतींच्या विजेत्यांची नावं इथे लिहू नका. लग्नसराई आहे, रविवारी निम्मे लोक कुठल्या तरी मंगल कार्यालयात होते आणि आता आठवडाभरात सवडीने बघणार आहेत. मला निकालाबद्दल बोलायचंही नाही. बोलायचंय ते तिसऱ्या शर्यतीबद्दल.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपचा (रस्त्यावरच्याच मॉडेलच्या, पण शर्यतीसाठी बदललेल्या गाड्या) २०२५चा मोसम २६-२७ एप्रिलला इंग्लंडमधल्या डॉनिंग्टन पार्कला सुरू झाला. या मोसमात असे दहा शनिवार-रविवार, दर खेपेला तीन शर्यती, एकूण तीस. पहिल्या शर्यतीची ग्रिड, म्हणजे गाड्या सुरुवातीला उभ्या राहायचा क्रम, क्वालिफाइंगवर (शनिवारच्या सर्वात वेगवान लॅपवर) ठरते. दुसरीची ग्रिड पहिलीच्या निकालावर. आणि तिसरीला चिठ्ठी! सहा आकडा निघाला तर दुसऱ्या शर्यतीतले पहिले सहा उलट्या क्रमाने उभे राहतात, दहा निघाला तर पहिले दहा. म्हणजे दुसरी शर्यत जिंकणारा दहाव्या जागेवर आणि दहावा आलेला थेट पोलवर, सगळ्यात पुढच्या जागेवर. गुण मात्र तिन्ही शर्यतींना सारखेच, जिंकणाऱ्याला वीस.

मी चाकणला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. लाइनवरून उतरलेल्या गाडीच्या दाराची फट किती मिलिमीटर आहे हे मोजण्यात बारा वर्षं गेली. चांगलं काम करणाऱ्या शिफ्टला मागे ढकलायचं आणि किती मागे ते चिठ्ठी काढून ठरवायचं, असं आमच्याकडे कोणी सुचवलं तर युनियन आणि मॅनेजमेंट पहिल्यांदाच एका बाजूला उभे राहतील.

यंदा तर हे जास्तच खटकलं. हायब्रिड (इंजिनाच्या जोडीची विजेची मोटर) गेलं, गाड्या हलक्या झाल्या, इंधनही आता खनिज तेलाचं राहिलेलं नाही. शिवाय मोसमाचा पहिला शनिवार-रविवार म्हणजे गुणतक्ता कोरा. गुण जमू लागले की वर असलेल्यांना टर्बोचा जादा दाब, म्हणजे इंजिनाची थोड्या वेळाची जादा ताकद, कमी वेळ मिळणार, खालच्यांना जास्त वेळ. म्हणजे कोणाची गाडी खरंच किती वेगवान आहे, हिवाळ्यात कोणी किती काम केलंय, हे स्वच्छ दिसण्याची वर्षातली हीच एक संधी. आणि तिच्यातला तिसरा भाग आपण चिठ्ठीच्या स्वाधीन करतो.

माझं म्हणणं: चिठ्ठी बंद करा. तिसरी ग्रिड क्वालिफाइंगमधल्या दुसऱ्या सर्वोत्तम लॅपवर लावा, नाहीतर तिसऱ्या शर्यतीचे गुण निम्मे करा.


मृदुला_कोथरूड

दाराची फट आणि शर्यत यांची तुलना मला पटली नाही. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीसारखीच उतरावी हे कारखान्याचं काम. शर्यतीत तसं झालं तर बघायचं काय?

मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा मिळून बघतो, गेली चार वर्षं. दुसऱ्या शर्यतीत तो मधूनच उठून पाणी प्यायला जातो. तिसऱ्या शर्यतीत हलत नाही. याला कारण आहे. वेगाच्या क्रमाने गाड्या उभ्या केल्या की सगळ्यात वेगवान पुढे, त्याच्यामागे जरा कमी वेगवान, त्याच्यामागे आणखी कमी. मग कोण कोणाला कशासाठी मागे टाकेल? डॉनिंग्टनचा हा छोटा मार्ग जेमतेम ३.२ किलोमीटरचा आणि लॅप सत्तर सेकंदांच्या आत. रेडगेटचं उजवं वळण घेऊन क्रेनर कर्व्हजच्या उतारावर गाडी सोडली की तिथे ओव्हरटेक करायला छाती लागते. ती छाती कोणाची आहे हे पोलवरून सुटून पोलवरच संपलेल्या शर्यतीत कळत नाही. दहाव्या जागेवरून चौथा येणारा मला पहिल्या जागेवरून पहिला येणाऱ्यापेक्षा मोठा ड्रायव्हर वाटतो.

आणि चिठ्ठी का आहे, हे तुम्ही सांगितलंच नाहीत. ‘नेहमी पहिले दहा उलटणार’ असं ठरलेलं असतं तर दुसऱ्या शर्यतीच्या शेवटच्या लॅपला सातवा-आठवा मुद्दाम ब्रेक दाबून दहावा झाला असता. आकडा आधी माहीत नसल्यामुळे प्रत्येकाला शेवटपर्यंत पुढेच जावं लागतं. प्रामाणिकपणे चालवावं म्हणून आणलेली गोष्ट आहे ती.


तिसरा_गिअर

ताई, आकडा लपवला की फसवेगिरी थांबते हे मान्य. पण फसवेगिरी थांबवण्याची किंमत कोण देतं ते बघा. समजा मी दुसऱ्या शर्यतीत सातवा आलो. सहा आकडा निघाला तर मी सातवाच उभा. सात निघाला तर मी पोलवर. माझ्या चालवण्यात काडीचा फरक नाही आणि ग्रिडवर सहा जागांचा फरक. टूरिंग कारमध्ये सहा जागा म्हणजे पहिल्या वळणावरच्या गर्दीत सापडणं किंवा न सापडणं.

मी सिम्युलेटरवर चालवतो, कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनीच रेसकार बनवायची स्पर्धा) टीममध्ये आहे. आम्ही एक वर्ष डॅम्परच्या (चाकाचे धक्के शोषणारा भाग) सेटिंगवर घालवतो दोन-तीन दशांश सेकंद मिळवायला. ते दोन दशांश चिठ्ठीने घालवले तर पोरं रात्र-रात्र कशाला जागतील?

धागाकर्त्याला पूर्ण पाठिंबा.


जुनी_फियाट

इथे सगळे गेल्या पाच-सात वर्षांतलं बोलताय, म्हणून जरा मागे नेतो. लांबेल, पण वाचा.

ही चॅम्पियनशिप १९५८ साली सुरू झाली. पहिल्याच मोसमाच्या शेवटी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण समसमान झाले. सीअर्सकडे ऑस्टिन, सॉपविथकडे जॅग्वार, दोघं वेगवेगळ्या वर्गात. आता विजेता कसा ठरवायचा? नाणं उडवू या, असं पुढे आलं. दोघांनाही ते मान्य झालं नाही. मग ब्रँड्स हॅचला दोन अगदी एकसारख्या रायली वन पॉइंट फाइव्ह गाड्या आणल्या. पाच लॅप चालवल्या, गाड्यांची अदलाबदल केली, पुन्हा पाच लॅप. एकूण वेळेत सीअर्स थोडक्यात जिंकला.

या खेळाच्या पहिल्याच पानावर नशिबाला नकार लिहिलेला आहे. माझ्या मनात तो प्रसंग घर करून आहे. गाडीचाही फरक नको म्हणून त्यांनी गाड्या बदलून चालवल्या! तेव्हा चिठ्ठीच्या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूचा.

पण ‘जो वेगवान तोच पुढे’ हे या खेळाचं मूळ रूप आहे असं कोणी समजू नये. ते तसं कधीच नव्हतं. सुरुवातीपासून इंजिनाच्या आकाराप्रमाणे वर्ग होते आणि गुण आपापल्या वर्गातल्या क्रमांकाचे. १९७०, ७१ आणि ७२ अशी सलग तीन वर्षं बिल मॅकगव्हर्न चॅम्पियन झाला तो सनबीम इंप घेऊन. ९९८ सीसी! आपल्याकडच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीपेक्षा लहान इंजिन. त्याच शर्यतीत पुढे मोठ्या इंजिनाच्या अमेरिकन व्ही-एट गाड्या गुरगुरत असायच्या. सगळ्यात आधी रेषा ओलांडणारा आणि चॅम्पियन हे दोघं वेगळे असू शकतात, हे तिथल्या प्रेक्षकांनी तीस वर्षं आनंदाने बघितलं. सगळ्यांना एकच दोन लिटरचा वर्ग ही नव्वदीतली गोष्ट.

माझा मावसभाऊ लेस्टरला होता, डॉनिंग्टनच्या जवळच. तो मला कॅसेट पाठवायचा. १९९२ची सिल्व्हरस्टोनची शेवटची शर्यत मी सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत किती वेळा बघितली असेल त्याला गणती नाही. क्लेलँड आणि सोपर एकमेकांवर आदळले आणि सोपरचा सहकारी टिम हार्वे चॅम्पियन झाला. समालोचक मरे वॉकरचा आवाज अजून कानात आहे. ९४ला व्होल्वोने चक्क इस्टेट गाडी आणली, मागे सामान ठेवायची लांबलचक. काय दिवस होते. पण त्याच दिवसांनी खेळ बुडवलाही. कंपन्यांनी पैसा ओतला, ज्याच्याकडे नाही तो मागे पडला आणि गळाला. २०००च्या मोसमात कंपन्या उरल्या तीन: फोर्ड, होंडा, व्हॉक्सहॉल. वेगवान तो पुढे, पुढे असलेल्याला पैसा, पैसेवाला आणखी वेगवान. हे चक्र मोकळं सोडलं की पाच-सहा वर्षांत ग्रिड रिकामी होते.

म्हणून चिठ्ठी नको, पण पुढच्याला थोडं ओझं हवंच.


भोसरीचा_भाऊ

काका, मस्त लिहिलंत. रायलीची गोष्ट घरी वडिलांना वाचून दाखवली.

आमच्याकडे बैलगाडा आहे, आजोबांपासून. आमच्या घाटात गाडा एकटा पळतो. समोर घोडी, मागे बैल, आणि शर्यत घड्याळाशी. शेजारी दुसरा गाडा नसतो. म्हणजे तुमची क्वालिफाइंग ती आमची बारी. सातारा-सांगलीकडे गाडे शेजारी-शेजारी सोडतात, ती तुमची रविवारची शर्यत. दोन्हीकडचे लोक आपलीच खरी म्हणतात आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आता चिठ्ठीचं. कोणाचा गाडा कधी पळणार याची आमच्याकडे टोकनं निघतात. सकाळी घाट ओला आणि कडक असतो, दुपारी माती मोकळी होते, धूळ उडते. टोकन कुठलं आलं त्यावर पाव-अर्धा सेकंद इकडचा तिकडे होतो. पण टोकन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघतं, त्यामुळे कोणी हरकत घेत नाही. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने कायदा ग्राह्य धरला. इतकी वर्षं बैल गोठ्यात सांभाळून थांबलेल्या माणसाला एका टोकनाचं दुःख होत नाही. चाकणवाले भाऊ, तुम्ही फार मोजताय.


चाकण_शिफ्ट

भोसरीचा_भाऊ, तुमच्या टोकनात आणि या चिठ्ठीत एक फरक आहे. टोकन सगळ्यांना सारखं लागू, चांगल्या बैलाला वाईट टोकनच येणार असं नसतं. इथे चिठ्ठी फक्त पुढे आलेल्यांना मागे नेते. पहिला आलेल्याला चांगली चिठ्ठी निघूच शकत नाही, कमी वाईट निघू शकते एवढंच.


भोसरीचा_भाऊ

हे मात्र खरं. याचा विचार केला नव्हता.


ईव्ही_वाली

मला चिठ्ठीपेक्षा हायब्रिड काढून टाकल्याचं जास्त लागलं आणि त्यावर इथे कोणी चकार शब्द काढत नाही. २०२२ ते २०२४ तीन वर्षं टूरिंग कारमध्ये हायब्रिड होतं, गिअरबॉक्सला मोटर जोडलेली, आणि वर असलेल्या ड्रायव्हरला ती कमी सेकंद वापरायला मिळायची. मी बॅटरी पॅकवर काम करते. रस्त्यावरच्या गाड्यांशी त्या शर्यतीचं जे नातं होतं ते यंदा तुटलं.


तिसरा_गिअर

नातं तुटलं असं मला वाटत नाही, इंधनाच्या बाजूने जोडलंय. आणि वजन गेल्यामुळे गाड्या वळणात किती चपळ दिसत होत्या! पण याचा वेगळा धागा काढा ताई, मी नक्की येईन.


रेसकोर्स_रोड

माझी सारी हयात कॅम्पात गेली आणि लहानपणापासून पावसाळा म्हणजे घोड्यांचा मोसम. पुण्याचा रेसकोर्स १८३० सालचा. ‘हँडिकॅप’ हा शब्द तुम्ही मंडळी मोटारींच्या संदर्भात वापरता, पण आम्ही तो जुलै ते ऑक्टोबर दर शनिवार-रविवारी जगतो. म्हणून दोन गोष्टी.

घोडा जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं आणि पुढच्या शर्यतीत त्याच्या पाठीवर जास्त वजन येतं. खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालतात. टूरिंग कारमध्येही २०२१ पर्यंत हेच होतं, गुणतक्त्यात पहिल्या असलेल्याच्या गाडीत ७५ किलो वजन. आता त्याच्या जागी टर्बो. तत्त्व एकच. घोड्यांच्या बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात, नाहीतर मैदानात चार घोडेही उतरणार नाहीत. इथपर्यंत मृदुलाताई आणि फियाटकाका बरोबर.

पण डर्बी? फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी हँडिकॅप नसते. सगळे चार वर्षांचे, सगळ्यांना एकच वजन, फक्त मादीला थोडी सवलत. वर्षभर तुम्ही वजनं लावा, घासून शर्यती करा, पैसे लावणाऱ्यांना खूश ठेवा. पण सगळ्यात चांगला घोडा कोणता, हे ठरवायच्या दिवशी वजनं सारखी. दोनशे वर्षांत घोड्यांच्या लोकांना ही अक्कल आली. टूरिंग कारवाल्यांकडे अशी एकही शर्यत नाही जिथे सगळे सारखे उतरतील आणि तिच्यावरच किताब ठरेल. २०२४चा किताब हिल आणि इंग्रम यांच्यात शेवटच्या शर्यतीपर्यंत गेला, आणि मोसमातली शेवटची शर्यत कुठली? तिसरी. चिठ्ठीची. मला हे बरोबर वाटत नाही.


मृदुला_कोथरूड

डर्बी एका दिवसाची, म्हणून तिथे सगळं सारखं हवं. एकच संधी असेल तर नशीब नको, हे मलाही मान्य. चॅम्पियनशिप तीस शर्यतींची आहे. दहा वेळा चिठ्ठी निघते. कधी तुमच्या बाजूने, कधी माझ्या. वर्षाअखेर बरोबरी होते आणि जो खरंच चांगला तोच वर येतो. नाहीतर सटन आणि टर्किंग्टन यांनी चार-चार किताब कसे जिंकले? नशिबाने कोणी चार वेळा चॅम्पियन होत नाही.


तिसरा_गिअर

बरोबरी होते ही समजूत आहे ताई. दहा वेळा नाणं उडवा. बरोबर पाच छापा, पाच काटा पडण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांहूनही कमी आहे, १०२४ मध्ये २५२. म्हणजे चारपैकी तीन मोसमांत कोणाला तरी झुकतं माप मिळणार. तीनशे चिठ्ठ्या काढल्या असत्या तर फरक बुजला असता. दहांत बुजत नाही.

चार किताबांचं म्हणाल तर ते चिठ्ठी असूनही जिंकले. चिठ्ठीमुळे नाही.


शेवटच्या_रांगेतून

मी मुद्दाम थांबलो होतो, कारण मी प्रेक्षक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मार्शल (ट्रॅककडेला उभं राहून सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा) म्हणून गेली काही वर्षं जातो. पुण्याहून रात्रीच्या गाडीने, स्वतःच्या खर्चाने. आणि एका लहान टीमला स्पॅनर उचलायला मदत करतो. तुमच्या चर्चेत लहान टीमचा माणूस कुठेच नाही.

लहान टीम कशी चालते ते सांगतो. मालक स्वतः ड्रायव्हर असतो किंवा त्याचा मुलगा. दोन मेकॅनिक, ते शुक्रवारी दुकान बंद करून आलेले. टायर मोजून. गाडीवर ज्यांची नावं रंगवलेली असतात ती गावातली टायरची, रंगाची, हार्डवेअरची दुकानं. वर्षाअखेर त्या माणसाकडे जाऊन पुढच्या वर्षाचे पैसे मागायचे असतात आणि तो एकच प्रश्न विचारतो, आमचं नाव कुठे दिसलं?

ब्रिटनमध्ये रविवार आयटीव्ही-फोरवर फुकट दिसतो. चौदाव्या-पंधराव्या क्रमांकाने धावणाऱ्या गाडीवर कॅमेरा जात नाही. पण दुसऱ्या शर्यतीत जीव तोडून दहावा आला आणि चिठ्ठीत दहा निघाले, तर तिसऱ्या शर्यतीत तीच गाडी सगळ्यात पुढे. दोन लॅप का होईना, पुढे. कॅमेरा तिच्यावर, नाव ठळक. एक लॅप आघाडीवर राहिलं तर एक गुणही मिळतो. त्या दोन लॅपमुळे पुढचं वर्ष निघतं. फियाटकाकांनी २०००ची रिकामी ग्रिड सांगितली. ती पुन्हा रिकामी होऊ नये म्हणून इंजिनाचा आकार बांधला, गिअरबॉक्स, ब्रेक, सबफ्रेम सगळ्यांना एकच केले. चिठ्ठी हा त्यातलाच एक खिळा आहे. काढायला सोपा दिसतो.

आपल्याकडे बघा. इंडियन टूरिंग कारच्या शर्यतीला मी ग्रिडवर गाड्या मोजल्या आहेत. काही वेळा उलटायला म्हणून दहा गाड्याही नसतात. २०१० मध्ये चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलो गाड्यांची कप शर्यत सुरू झाली तेव्हा केवढी पोरं आली होती, कारण गाडी सगळ्यांना एकसारखी आणि खर्च आवाक्यात. लहान माणसाला पुढे दिसण्याची आशा असली की तो येतो. तो आला की मोठ्याच्या जिंकण्याला किंमत येते.

आणि एक बाजू माझ्याच विरोधात जाणारी, तीही सांगतो. तिसऱ्या शर्यतीत गाड्या जास्त फुटतात. हळू गाडी पुढे, वेगवान मागे, मागच्याला घाई. मार्शल पोस्टवर उभं राहिलं की दारं चेपल्याचा आवाज पोटात जाणवतो. ज्या लहान टीमला दोन लॅपची आघाडी मिळाली तिलाच तिसऱ्या लॅपला मागून धक्का बसतो आणि त्या दुरुस्तीचे पैसे तिच्याकडे नसतात. आमच्या टीमचं पुढचं सस्पेन्शन असंच गेलं. धक्का देणाऱ्याला जागा मागे करतात, वाकलेला आर्म कोणी भरून देत नाही. चिठ्ठी ठेवा, पण मागून धक्का देणाऱ्याला असा दंड करा की त्याला पुढच्या मोसमातही आठवला पाहिजे.


चाकण_शिफ्ट

शेवटच्या_रांगेतून, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि उत्तर लिहायला आज बसलो. मत बदलायला लावणारं लिहिलंत तुम्ही. मी पुढच्यांच्या हक्काबद्दल बोलत होतो. दहाव्या क्रमांकावरच्या माणसाला त्या दोन लॅपची किती गरज आहे याचा मी हिशेबच केला नव्हता.

तेव्हा माझ्या मूळ मागणीतली अर्धी मागे घेतो. तिसरी ग्रिड क्वालिफाइंगच्या दुसऱ्या लॅपवर लावा, हे मी म्हटलं होतं. ते नको. त्यात पुन्हा तेच मोठे पुढे. उलटी ग्रिड राहू द्या. टर्बोचं ओझंही राहू द्या, ते सगळ्यांना आधी माहीत असतं आणि कमावलेल्या गुणांवर ठरतं. दाराची फट कमी-जास्त करायची परवानगी ड्रॉइंगवर लिहिलेली असते, तसं ते आहे.

पण गुण निम्मे करा, यावर मी ठाम आहे. लहान टीमला कॅमेरा हवा, नाव दिसायला हवं, आघाडीचा आनंद हवा. हे सगळं वीसच्या जागी दहा गुण ठेवूनही मिळतं. टायरच्या दुकानदाराला गुण कळत नाहीत, फोटो कळतो. आणि किताबाच्या हिशेबातून चिठ्ठीचं वजन निम्मं होतं. रेसकोर्सवाल्या काकांचा डर्बीचा मुद्दाही थोडाफार सांभाळला जातो.


जुनी_फियाट

याला माझी हरकत नाही. सीअर्स आणि सॉपविथलाही नसती.


मृदुला_कोथरूड

मला आहे. निम्मे गुण केलेत की किताबाच्या शर्यतीतले चौघे-पाच जण तिसऱ्या शर्यतीत जपून चालवणार. दहाव्या जागेवरून जीव धोक्यात घालून चौथं यायचं कशाला, गुण तर मोजकेच. मग ओव्हरटेक कोण करणार? लहान टीमवर कॅमेरा राहील, पण तिच्या मागे कोणी झुंजत नसेल तर लोक टीव्ही बंद करतील. तुम्ही शर्यतीतली भूक काढून घेताय.

धक्क्याच्या दंडाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. मुलाला कार्टिंगला नेते तेव्हा हेच शिकवतात, आधी आत शिरायला जागा दिसू दे, मग शिर. मोठ्यांनी टीव्हीवर उलटं केलेलं त्याने बघितलं की मला पुढचे चार दिवस समजावत बसावं लागतं.


तिसरा_गिअर

जपून चालवणारे आताही जपूनच चालवतात. गुणतक्त्यात वर असलेला वर्षाच्या उत्तरार्धात तिसऱ्या शर्यतीत सहावा-सातवा येऊन समाधानी असतो, कितीदा बघितलंय. भूक गुणांनी येत नाही.


मृदुला_कोथरूड

तू अजून किताबासाठी चालवलेलं नाहीस रे. चालवशील तेव्हा कळेल एक-एक गुण काय असतो ते. मनापासून सांगते, तुझी टीम चालवशील तेव्हा आम्ही बघायला येऊ.


रेसकोर्स_रोड

निम्म्या गुणांना माझं अनुमोदन, पण मोसमातली शेवटची शर्यत तरी सरळ ग्रिडची हवी, हा हट्ट मी सोडणार नाही.


भोसरीचा_भाऊ

पुढची कधी आहे? वडिलांना बघायचीय. ते म्हणाले, आधी त्यांची क्वालिफाइंग दाखव, एकट्याची.


चाकण_शिफ्ट

१०-११ मे, ब्रँड्स हॅच, छोटा मार्ग. जेमतेम १.२ मैल, पन्नास सेकंदांच्या आत लॅप. डॉनिंग्टनपेक्षा गर्दी जास्त आणि ओव्हरटेकला जागा कमी, म्हणजे आपला वाद तिथे नीट तपासून बघता येईल. मी वही घेऊन बसणार आहे. तिसऱ्या शर्यतीत कोण कुठून सुटला, कुठे पोचला, किती जागा स्वतः मिळवल्या आणि किती दुसऱ्याच्या अपघाताने मिळाल्या, दोन वेगळे रकाने करून. शनिवारी क्वालिफाइंग आपल्याकडे संध्याकाळी असते, वडिलांना सांगा.


मृदुला_कोथरूड

माझा मुलगाही वही करणार म्हणतोय. त्याला तिसरा रकाना हवाय, कोणी कोणाला धक्का दिला त्याचा.


शेवटच्या_रांगेतून

त्याला सांगा, धक्का नेमका कुठे बसला तेही लिही. मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर की दारावर. कोपऱ्यावर असेल तर मागच्याची चूक, दारावर असेल तर बहुतेक वेळा पुढच्याने जागा बंद केलेली असते. आम्ही पोस्टवर पहिलं तेच बघतो.